निवृत्त शिक्षकाचा प्रश्न

तत्त्वज्ञान विभागाच्या जाहीर व्याख्यानात प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे असतात. श्रोते त्या चिठ्ठ्यांनी वारा घेतात. मग पाहुण्यांपुढे शोभा नको म्हणून चार प्रश्न विभागानेच आधी पेरून ठेवायचे, आणि ते लिहिण्याचं काम तिचं, तासिकेवरच्या शिक्षिकेचं. एक डाव्या हाताने, एक हिरव्या शाईने. खाली 'एक जिज्ञासू', 'एक विद्यार्थिनी'.

यंदाचा विषय होता वचन. याच विषयावर तिने सहा वर्षं डोकं फोडून प्रबंध लिहिला होता.

"सर, एक प्रश्न माझ्या नावाने विचारू?" सकाळीच तिने विभागप्रमुखांना विचारलं.

"बाळंतीणबाई, तुम्ही माईक बघा," ते हसले. "लंगोट बदलता बदलता वचनाचा विचार कधी करता हो? आणि पुढच्या महिन्यात नेमणुकीच्या कागदावर सही कुणाची लागते, आठवतंय ना?"

तिने माईक तपासला. पण चौथ्या चिठ्ठीवर स्वतःचाच प्रश्न लिहिला आणि खाली टाकलं, 'एक निवृत्त शिक्षक'.

पाहुणे ठासून म्हणाले, ज्याला वचन कळतच नाही, त्याला दिलेलं वचन हे वचनच नव्हे. म्हणता म्हणता चाळीस मिनिटं जास्त बोलले. मागे दाराशी सासूबाई चिमणीला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होत्या. पोरीने 'ऊं' केलं की इकडे हिला पान्हा फुटायचा. ओली छाती फाइलआड झाकून ती चिठ्ठ्या वाचू लागली.

चौथी आली, 'एक निवृत्त शिक्षक' यांची. "'रोज सकाळी आठ महिन्यांच्या नातीला 'येतो हं' म्हणून मी निघतो. तिला शब्द कळत नाही, तरी ती वाट बघते. मी आलोच नाही, तर मोडलं ते काय?'"

"वा!" पाहुणे खुर्चीत पुढे सरकले. "याला म्हणतात आयुष्यभराचं चिंतन! कुठे आहेत गुरुजी? उभे राहा."

कोण उभं राहणार? प्रमुखांनी पहिल्या रांगेतल्या विभागाच्या कारकुनाकडे डोळे वटारले. बिचारा खाकरत उठला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बसा काका," ती माईकवर म्हणाली. "प्रश्न माझा आहे. 'येतो' नाही, 'येते'. नात नाही, मुलगी."

काका सुटल्यासारखे मटकन बसले.

"माईक बंद करा!" प्रमुख दातओठ खात पुटपुटले. तिने चालू बटणावर हात ठेवला तो घट्ट.

पाहुणे समजुतीने हसले. "बाई, प्रश्न कुणाचा, याने तत्त्वज्ञानात फरक पडत नाही."

"मग द्या उत्तर. गुरुजींना देणार होतात, तेच द्या."

"तसा... प्रश्न जरा भावनिक आहे."

"दोन मिनिटांपूर्वी आयुष्यभराचं चिंतन होता!"

सभागृहात चिठ्ठ्यांचा वारा थांबला. मागून सासूबाईंचा आवाज आला, "अहो, सांगून टाका की! येत नसेल तर तसं सांगा. पोर भुकेलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती हसली नाही, हललीही नाही. पाहुण्यांनी चष्मा पुसला, हात पुढे केला आणि ती चिठ्ठी मागून घेतली.