झोर्काचे पस्तीस डॉलर

एकोणऐंशी साली कॅलिफोर्नियातल्या आमच्या सनीव्हेलला घरटी एक कॉम्प्युटर होता आणि घरटी एक भांडण. कारण यंत्र कितीही महागाचं घ्या, त्याच्या आतला कारभारी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, आंधळा कारभार करायचा. फाइल ठेवा एकीकडे, निघणार दुसरीकडे. आमच्या गल्लीतल्या एका शाळामास्तरणीनं बहिणीला पत्र लिहून ठेवलं आणि छापायला गेली तर चर्चच्या सहभोजनाची यादी बाहेर आली. घाईत तिनं तीच पाठवली. आठवड्यानं बहिणीचं उत्तर आलं, 'बटाट्याचं सॅलड मी आणते.' हे पत्र मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिलेल्या माणसाला तरी पाहिलंय.

माझं दुकान एल कमिनो रस्त्यावर, डोनटवाला आणि लाँड्री यांच्या मधोमध. त्यामुळं माझ्या यंत्रांना कायम साखरेचा आणि साबणाचा वास. तिथं एका मंगळवारी दुपारी झोर्का मारोविच आली. वय सत्तेचाळीस, हातात जेवणाची कागदी पिशवी. तिच्या बापाची इथं जर्दाळूची बाग होती. आता तिथं चिप बनवणाऱ्या कंपनीचा वाहनतळ आहे. ही बाई जर्दाळू डबाबंद करायच्या कारखान्यातला कॉम्प्युटर सांभाळायची. पिशवीतून तिनं आधी सँडविच काढलं, मग सँडविचखालून आठ इंची फ्लॉपी.

"लेस्टर, ही लावून बघ."

लावली. यंत्र खोकलं नाही, कण्हलं नाही. मी दहा फाइली ठेवल्या, दहाच्या दहा जागच्या जागी सापडल्या. मधेच वीज घालवली, परत आणली. तरी दहा.

"कुणाची गं ही?"

"माझी. तीन वर्षं लागली."

"नाव काय?"

"नाव अजून सुचलं नाही. किंमत ठरलीय. पस्तीस डॉलर."

मी खुर्चीतच पडलो असतो, पण खुर्चीवर डोनटचा खोका होता. "अगं, असल्या रद्दी कारभाऱ्याला लोक दीडशे मोजतात! एकशेवीस लाव. पन्नास माझे, सत्तर तुझे."

"पस्तीस. त्यातले पाच तुझे."

"हा आकडा आणलास कुठून?"

तिनं पाकिटातून कागद काढला. चाळीस घरी जाऊन तिनं विचारलं होतं, महिन्यात किती संध्याकाळी वाया जातात आणि बायकोला किंवा नवऱ्याला न विचारता किती पैसे काढाल. दुसऱ्या बाजूला तिचा स्वतःचा खर्च: भाडं, किराणा, गाडी, फोन. महिन्याला वीस प्रती खपल्या की भागत होतं. "माझा बाप रस्त्याकडेला जर्दाळूची पेटी विकायचा," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाला पेटी उपडी करून खालचा थर बघावासा वाटला, की भाव चुकला म्हणायचा. आणि पुढच्या साली झाडांना पाणी द्यायला उरलं नाही, तरी चुकला. पस्तीसमध्ये दोन्ही जमतं."

"आणि नाही खपल्या वीस?"

"ऑक्टोबरात कारखाना बंद होतोय. मेव्हण्याचं फ्रेस्नोला मोटेल आहे. किल्ल्या देत बसायच्या. तिथं माझ्यासाठी मापाचा कोटसुद्धा शिवून ठेवलाय त्यानं." तिनं सँडविचचा लचका तोडला. "लाल रंगाचा."

ऑक्टोबराला अकरा आठवडे होते.

आता माझ्याबद्दल खरं सांगतो, कारण दुसरं कुणी सांगण्याआधी आपण सांगितलेलं बरं. पहिल्या दोन प्रती मी पंच्याण्णवला विकल्या. दोन्ही एकाच दातांच्या डॉक्टरला. झोर्काला पस्तीसच सांगितलं. मला काय ठाऊक, फ्लॉपीबरोबरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बाईनं घरचा फोन नंबर छापलाय! 'अडलं तर संध्याकाळी सहा ते आठ.' डॉक्टरनं फोन केला आणि बोलता बोलता म्हणाला, पंच्याण्णव डॉलरच्या मानानं पुस्तिका जरा पातळ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात उभी.

"ऊठ, म्हाताऱ्या. एकशेवीस डॉलर घे आणि चल."

"कुठं?"

"दात दाखवायला."

तिनं मला त्या डॉक्टरसमोर उभं केलं, माझ्या हातानं पैसे परत द्यायला लावले. वर तो सभ्य माणूस म्हणाला, आलाच आहात तर तोंड उघडा. दोन दाढा काढल्या. बिल एकशेचाळीस. त्या दिवसापासून मी पस्तीसलाच विकू लागलो.

पण खरी अडचण मी नव्हतो. खरी अडचण होती आमचा क्लब.

दर शनिवारी सकाळी प्राथमिक शाळेच्या खाणावळीत साठसत्तर कॉम्प्युटरवेडे जमायचे आणि मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे कानाशी घेऊन बसायचे. अध्यक्ष वेंडेल प्रुइट. हवाई दलातून निवृत्त झालेला रेडिओचा इंजिनिअर, आवाज असा की तो खोकला तर मैदानावरची विमानं रांगेत उभी राहतील. क्लबचा रिवाज एकच. कुणी काही लिहिलं की मधल्या टेबलावर ठेवायचं, ज्याला हवं त्यानं उतरवून न्यायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. या रिवाजानं आम्हाला घडवलं, हे मीही नाकारत नाही. झोर्काही नाकारत नव्हती.

"टेबलावर ठेव," वेंडेल तिला दर शनिवारी म्हणायचा.

"फाइलींची यादी कशी सांभाळायची, त्याची सगळी रीत चार पानांत लिहून ठेवलीय टेबलावर. ज्याला करायचं त्यानं स्वतः करावं."

"आणि तयार माल?"

"पस्तीस डॉलर."

"तू शिकलीस कुठं? इथंच ना?"

"शिकलेलं परत ठेवलंय, वेंडेल. तीन वर्षांच्या संध्याकाळी कशा ठेवू?"

सप्टेंबराच्या शेवटच्या शनिवारपर्यंत एकूण चौदा प्रती खपल्या होत्या. महिन्याला वीस लागत होत्या, आणि दोन महिन्यांत चौदा. कारण उघड होतं. वेंडेलच्या धाकानं क्लबातला एकही माणूस विकत घेईना.

त्या शनिवारी झोर्का स्वतःचं यंत्र घेऊन प्रात्यक्षिक दाखवायला आली. बरोबर आणखी एक पाहुणा आला, डॅलसच्या एका कंपनीचा ह्यूबर्ट टॅली. सूट, टाय, आणि बुटकं बाक पाहून उभंच राहायचा निश्चय. तिला बाजूला घेऊन तो म्हणाला, "मॅडम, साठ हजार. एकरकमी. सही करा, आजच्या आज."

"विकणार कितीला?"

"अडीचशे. फक्त आमच्या यंत्राबरोबर."

"का अडीचशे?"

"कारण लोक देतील. पस्तीसच्या मालावर मॅडम, कुणी भरवसा ठेवत नाही."

मी तिच्या कोपराला चिमटा काढला. साठ हजारात त्या वेळी अख्खं घर यायचं आणि वर मागच्या अंगणात पोहायचा तलाव. तिनं माझा हात झटकला. "मीटिंग संपल्यावर सांगते," ती म्हणाली. पण तिचा चेहरा पाहून मला कळलं की ती हो म्हणायला वेळ मागत नाहीये. नाही कसं म्हणायचं, तेवढंच ठरवतेय.

वेंडेलनं हे सगळं ऐकलं होतं. तो उठला आणि टेबलावर हात आपटला. "मंडळी! इकडं अडीचशे, तिकडं पस्तीस. मी आता खरी किंमत दाखवतो." त्यानं कपाटातून क्लबची थाळी, म्हणजे फ्लॉपी, काढली. आठ इंची, तिच्यात पाच वर्षांत सगळ्यांनी मिळून लिहिलेले एकसष्ट प्रोग्रॅम. "ही चार मिनिटांत उतरवतो आणि या डॅलसच्या साहेबांना भेट देतो. खर्च शून्य!"

टाळ्या.

आता इथं थोडं थांबावं लागेल. आठ इंची फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. खाच उघडी असेल तर तिच्यावर काही लिहिता येत नाही. चंदेरी चिकटपट्टी लावून बुजवली की लिहिता येतं. नव्यानं निघालेली सव्वापाच इंची छोटी फ्लॉपी नेमकी उलटी. तिची खाच बुजवली की ती सुरक्षित. वेंडेलनं घरी नुकतंच छोट्या फ्लॉपीचं यंत्र घेतलं होतं. महिनाभर तेच हाताला बसलेलं. त्यानं सगळ्यांच्या देखत क्लबच्या थाळीवर पट्टी चिकटवली आणि म्हणाला, "सुरक्षा पहिली!"

साठ माणसांनी मान डोलावली. मीसुद्धा.

मग तो झोर्काच्या यंत्राशी बसला, डावीकडं क्लबची थाळी घातली, उजवीकडं कोरी. तिच्या सिस्टिममध्ये आधी कुठं जायचं ते लिहायचं, मग कुठून यायचं ते. वेंडेलच्या घरच्या यंत्रावर उलट. त्यानं घरच्यासारखं लिहिलं. पडद्यावर आलं: 'उजवीकडची कोरी थाळी डावीकडच्या थाळीवर उतरवू? डावीकडचं पुसलं जाईल. हो की नाही?'

"किती प्रश्न विचारते ही बया," वेंडेल म्हणाला आणि वाचायच्या आत 'हो' दाबलं.

खोलीच्या दुसऱ्या टोकाला झोर्का कॉफी ओतत होती. ड्राइव्हचा आवाज ऐकून तिनं मान वर केली. नुसत्या आवाजावरून तिला कळलं की लिहिणं चुकीच्या बाजूला चाललंय. कप टाकून ती तीन बाकांवरून उड्या मारत आली; शपथ घेऊन सांगतो, मधल्या बाकाला तिचा पाय लागलाच नाही. आणि तिनं डाव्या ड्राइव्हची खिटी उघडली.

"काय करतेस!" वेंडेल गरजला.

"पुसत होतास. थाळीवरचे पाच गोल पट्टे गेले. बाहेरचे."

"पण पट्टी लावली होती!"

"म्हणूनच गेले."

मागून कुणीतरी म्हणालं, "दुसरी प्रत कुणाकडं आहे?"

सगळे एकमेकांकडं पाहू लागले. ज्या क्लबात प्रत्येक जण उतरवून नेत होता, त्यात कुणी अर्धा डझन नेले होते, कुणी दोन, कुणी फक्त चंद्रावर यान उतरवायचा खेळ. अख्खी थाळी कुणीच उतरवली नव्हती. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं उतरवली असणार. वेंडेल मुलांच्या बाकावर बसला. एवढा मोठा माणूस, पण त्या बाकावर बरोबर मावला.

"परत येईल का गं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा.

"फाइलींची यादी गेलीय. फाइली बहुतेक शाबूत असतील. तुकडा तुकडा वाचून जोडाव्या लागतील. संध्याकाळपर्यंत बसावं लागेल."

टॅली तिच्या कानाशी वाकला. मी जवळच होतो, त्यामुळं ऐकू आलं. "मॅडम, आता बोला! पाच हजार म्हणा. टोपी फिरवून गोळा करतील."

"बसतेस?" वेंडेल म्हणाला. "काय घेशील?"

"ज्याच्याकडं माझी पुस्तिका आहे, त्याचं अडलेलं मी बघते. क्लबकडं नाही. घ्यावी लागेल."

"कितीला?"

"पस्तीस डॉलर."

वेंडेलनं डोळे बारीक केले. "अडलाय म्हणून अडवतेस?"

"आज पाचशे मागितले असते तर अडवलं असतं. मागच्या शनिवारी किती होते?"

"पस्तीस."

"पुढच्या शनिवारी?"

वेंडेलनं खिशात हात घातला. पाकीट काढलं आणि एक वीस, एक दहा, एक पाच अशा नोटा टेबलावर ठेवल्या. "पावतीवर 'फोन खर्च' लिही," तो पुटपुटला. "किंमत म्हणून मी देत नाहीये."

"हवं ते लिहिते. आकडा तोच राहील."

मग ती टॅलीकडं वळली. "साहेब, तुमचे साठ हजार नकोत. तुमच्या प्रत्येक यंत्रामागं एक प्रत पस्तीसला घ्या, गिऱ्हाइकाला पस्तीसलाच द्या, आणि पुस्तिकेतला माझा नंबर तसाच राहू द्या. जमत असेल तर पत्र लिहा."

टॅलीनं टोपी घातली. पत्र आलं नाही.

ती बसली. सकाळचे साडेअकरा वाजले होते. कुणी घरी गेलं नाही. ती एकेक तुकडा पडद्यावर आणायची आणि विचारायची, "हे कुणाचं?" मागून कुणीतरी ओरडायचं, "माझं! त्याच्यापुढं बेरजेचा भाग असेल, बघ!" शाळेचा रखवालदार पाच वाजता कुलूप लावायला आला, तेव्हा एकसष्टपैकी अठ्ठावन्न परत आले होते. जे तीन गेले, त्यांतला एक वेंडेलनं लिहिलेला आणि त्यानं दर मीटिंगला सगळ्यांवर लादलेला बिंगोचा प्रोग्रॅम. तो खरंच सापडला नाही, की झोर्कानं शोधला नाही, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लेस्टर, यंत्र आवर."

निघताना सात जणांनी प्रत मागितली. पाचांनी पैसे दिले, दोघांनी पुढच्या पगाराला देतो म्हटलं, त्यांना तिनं पुढच्या पगाराला या म्हटलं. वेंडेल मात्र मरेपर्यंत म्हणत राहिला की किंमत शून्यच असायला हवी होती. पण हे म्हणायलासुद्धा तो तिलाच फोन करायचा, सहा ते आठमध्ये.

ऑक्टोबरात एकोणीस खपल्या. विसाला एक कमी. मी म्हटलं, "एकविसावी मी घेतो," तर म्हणाली, "आधी विसावी मोजायला शीक." मी पस्तीस डॉलर मोजले आणि वीस झाल्या.

कारखाना बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती सकाळी आठला दुकानात आली. फ्रेस्नोला फोन करून तिनं लाल कोट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगितला होता. मागच्या खोलीतल्या टेबलाकडं बोट दाखवून म्हणाली, "हे भाड्यानं हवंय. फोन माझा."

मला वाटलं, आता आपली पाळी. "महिना साठ डॉलर," मी म्हटलं.

तिनं पिशवीतून मोजपट्टी काढली. टेबल मोजलं, खोली मोजली, दिवा किती वॅटचा ते वाचलं, लाँड्रीच्या भिंतीला हात लावून ती किती तापते ते बघितलं. मग कागदावर काही आकडे लिहून कागद माझ्यापुढं सरकवला.

"बावीस."

"झोर्का, बावीसला या रस्त्यावर गाडीसुद्धा उभी करू देत नाहीत!"

"हिवाळ्यात भिंत गरम असते, त्याचे दोन धरलेत. उन्हाळ्यात तेच दोन कापणार. वाच."

मी वाचलं. दोनदा वाचलं. चूक सापडेना. शेवटी म्हटलं, "टेबल खिडकीशी हवंय की भिंतीशी?"

"खिडकीशी," ती म्हणाली आणि टेबलाचं एक टोक उचललं. "तिकडून धर."