पारूबाईचा उलटा टाका

"तीनशे पानांचं पुस्तक लिवलं, पन म्हातारीला सुई ओवून द्यायला घरात एक मानूस नाय," पारूबाई पुटपुटली. दातात धरलेल्या दोऱ्याची ओल मला लागली, इतकी ती जवळ होती. मी तिच्या मांडीवरच पसरलेले होते.

मित्रांनो, मी एक जुने पांढरे फडके आहे. जन्माने मात्र फडके नव्हे. छप्पन साली धम्मदीक्षा घ्यायला जाताना पोशीरच्या पारूबाईने कोरे पांढरे पातळ नेसले होते, त्याचा मी पदर. त्या दिवसानंतर तिने पातळाची घडी पेटीत ठेवली, ती आठ वर्षांनी उघडली आणि सरळ कात्री लावली.

"आत्याबाय, दीक्षेचं पातळ कापताय?" सून चंद्रभागा सुई ओवता ओवता म्हणाली.

"मग काय मांजरपाट आनू? पोराची वही मुंबयला चाललीय. चांगलं नेसून जाऊ दे."

पोरगा म्हणजे कमळाकर, कर्जत स्टेशनात गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात, रेल्वेच्या जुन्या फॉर्मांच्या कोऱ्या बाजूवर त्याने सहा वर्षे लिहून एक कादंबरी पुरी केली होती. पोशीरच्या विहिरीपासून दूर उभ्या राहणाऱ्या बायकांची ती गोष्ट. बायका बोलायच्या ते अगदी पारूबाईसारखे. त्यातली एक म्हणते, "पानी लांब नाय, बाय. आमालाच लांब ठेवलंय." हे वाक्य कमळाकरने वाचून दाखवले तेव्हा पारूबाई तांदूळ निवडायची थांबली होती.

मला दुहेरी करून पारूबाईने वही माझ्यात शिवली. गावभर गोधड्या शिवणारी बाई ती. दर पाचव्या टाक्याला सुई मागे घेऊन ती एक उलटा टाका घाली. तिची गोधडी फाटेल, पण उसवणार नाही. नेरळच्या पोस्टात माझ्यावर लाखेच्या मोहरा बसल्या, आणि मी लग्नाला निघाल्यासारखी ऐट करीत मुंबईला गेले.

मुंबईत मी एका प्रकाशकाच्या कपाटावर राहिले. खाली चहा यायचा, हसणे व्हायचे. माझ्यावर आधी धूळ बसली, मग दुसरे पुडके, मग तिसरे. आठ महिन्यांत एकाही हाताने मला चाचपले नाही. शेवटी एका शिपायाने जुन्या पत्त्यावर नवी चिठ्ठी डकवली आणि मला परत धाडले.

मी पोहोचायच्या आधी पत्र पोहोचले होते. 'श्रीयुत कमळाकर यांस, आपली कादंबरी लक्षपूर्वक वाचली. भाषा फार अशुद्ध आहे. सुधारून पाठविल्यास विचार करू.' गावच्या बोलीत लिहिली आहे, हे कमळाकरनेच वेगळ्या टाकलेल्या पत्रात कळवले होते. तेवढ्यावर त्यांचे भागले.

"लक्षपूर्वक म्हंजे?" पारूबाईने विचारले.

"म्हणजे मन लावून, आये. आणि श्रीयुत लिहिलंय बघ."

त्याने ते पत्र खाकी शर्टाच्या खिशात घातले आणि स्टेशनात हमालांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना दाखवले. मुंबईच्या माणसाने आपली वही वाचली, हे सांगताना तो नकळत ताठ उभा राही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी पोस्टमनने मला ओटीवर ठेवले. कमळाकर कामावर होता. पारूबाईने माझ्या शिवणीवरून बोट फिरवले. चार सरळ, एक उलटा. चार सरळ, एक उलटा. सगळे तसेच्या तसे. लाखेचा टवकासुद्धा उडाला नव्हता. चंद्रभागेच्या हातातले सूप थांबले.

"ब्लेड आन," पारूबाई म्हणाली. तिने आपलेच टाके आपल्या हाताने उसवले. "आन ती लाख खरवड गं." संध्याकाळी कमळाकर घरी आला तेव्हा मी धुऊन दोरीवर वाळत होते.

तिच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, मित्रांनो? मी तर फडकेच, मला तोंड नाही.

मग सात वर्षे कमळाकर भाषा सुधारत बसला. लाल शाईने एकेक 'हाय' आणि 'नाय' खोडत गेला. नवी प्रत झाली की जुनी पाने चुलीशी जायची, आणि चंद्रभागा मान खाली घालून त्यांवर चूल पेटवायची. एकदा त्याने नवे वाचून दाखवले, "पाणी दूर नाही, भगिनी. आम्हांसच दूर ठेवण्यात आले आहे."

"ही बाई कुठली रं?" पारूबाई म्हणाली. "मामलेदारीन हाय का?"

तो हसला. ती हसली नाही.

पहिल्या प्रकाशकाने तोवर दुकान बंद केले होते, म्हणून वही पुण्याला दुसऱ्याकडे पाठवायची ठरली. मला उलटे करून, डाग आत घेऊन पारूबाईने पुन्हा शिवले. आता तिची नजर आणखी मंदावली होती, टाका तेवढा तोच. पुण्याला एका घाईच्या माणसाने मला शिवणीवर नव्हे, मधोमध सुरीने कापले. वीतभर चीर पडली. खोटे कशाला सांगू, मला आनंद झाला. कोणीतरी आत बघितले होते.

मी परत आले ते दुसऱ्याच पांढऱ्या कापडात, वहीशेजारी घडी होऊन. सोबत हाताने लिहिलेले लांब पत्र. कमळाकरने ते ओटीवर बसून वाचले. 'विषय मोलाचा आहे. पण ही माणसे जिवंत वाटत नाहीत. ती आपल्या गावच्या बोलीत बोलली असती, तर मी ही कादंबरी छापली असती.'

मित्रांनो, कोणी विश्वासाने काही शिवून तुमच्या हाती दिले, तर आवडो न आवडो, एकदा उसवून बघा. आणि बघितले नसेल, तर बघितले म्हणू नका. फाटण्याचे मला दुःख नाही. मला शिवण शाबूत घेऊन घरी यावे लागले, त्याचे आहे.

कमळाकरने खिशातले जुने पत्र काढले. घड्यांवर ते विरले होते. दोन्ही पत्रे त्याने मांडीवर शेजारी शेजारी ठेवली.

"आये, पहिल्या खेपेला त्या विहिरीवरच्या बायका काय काय बोलायच्या गं?"

पारूबाईला ते एक वाक्य आठवत होते. बाकीची पाने कुठून आठवणार?

"एक म्हणतो सुधार, एक म्हणतो का सुधारलीस," तो म्हणाला. "दोघांनीही मन लावून वाचलंय. म्हणजे मलाच लिहिता येत नाही. ही पण वही चुलीत घाल, चंद्रभागा. मी आता नाय लिहिणार."

चंद्रभागा जागची हलली नाही. "आत्याबाय," ती एवढेच म्हणाली.

पारूबाईने मला ओढून मांडीवर घेतले. माझ्या चिरेत बोट घातले.

"ह्ये बघ. ह्या मानसानं फाडलं, म्हनून वाचलं," ती म्हणाली. "पयल्या खेपेला माजा टाका जसाच्या तसा आला व्हता, कमळाकर. त्यानं तुजी वही उघडलीच नव्हती."