खालून काळा रंग

नविनने गाडीखाली शिरून स्क्रूड्रायव्हर टेकवला, जरा दाबला, आणि तो लोखंडात मुठीपर्यंत गेला. गंजाचे पापुद्रे त्याच्या छातीवर पडले.

"बघा सर. पुढची चाकं ज्या फ्रेमला धरून असतात ना, तीच गेलीय. घर कुठे तुमचं?"

"डहाणूच्या आगरला. समुद्राजवळच."

"मग झालं. खारी हवा खाते सगळं."

श्यामकांत सर वाकून बघत राहिले. तलासरीच्या शाळेत हेडमास्तर असताना घेतलेली ही गाडी. अकरा वर्षं दर रविवारी स्वतःच्या हाताने धुतली, पुसली. वरून अजून आरशासारखी होती. आणि खाली हे असलं.

"विकायचीय मला," ते म्हणाले. "परवा गिऱ्हाईक येतंय."

"फ्रेम बदलून विका. आठ-दहा दिवस लागतील, खर्चही बराच होईल. नाहीतर त्याला सांगून विका. एखाद्या खड्ड्यात आपटली आणि चाक निखळलं, तर हायवेला माणसं जातील, सर."

सांगून कोण घेणार? आणि विकायच्या गाडीत कुठला शहाणा पैसे घालतो? सरांनी रुमालाने हात पुसले. हातांना काही लागलंच नव्हतं.

"खालून काळा रंग मारला तर?"

नविन सरपटत बाहेर आला. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरच्या गाड्यांना खालून काळा रंग मारतातच. तो बघून कुणालाही मालक गाडीची काळजी घेणाराच वाटतो. चारोटीच्या नाक्यावर गॅरेज चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

"दिसणार नाही काही," तो म्हणाला. "पण मी तुम्हाला सांगितलंय, एवढं लक्षात ठेवा."

रविवारी गिऱ्हाईक आलं, मिथुन. तलासरीच्या सुकऱ्याचा मुलगा, सरांचाच विद्यार्थी. पानाच्या द्रोणातून करवंदं आणली होती. आधी सरांच्या पाया पडला, मग गाडीकडे गेला.

"मेकॅनिक नाही आणलास?" सरांनी विचारलं. विचारलं आणि त्यांना जरा हायसं वाटलं, आपण आपल्याकडून विचारलं तरी.

मिथुनने दोन्ही कान पकडले. "तुमची गाडी दुसऱ्याकडून तपासून घेऊ, सर? बाप घरात घेणार नाही मला." तो उकिडवा बसला, खाली एकदा डोकावला आणि हसला. "रंगपण मारून ठेवलात. मी भाड्यावर चालवणार आहे, नीट सांभाळीन."

सरांनी त्याला नारळही फोडायला दिला. गाडीचे पैसे मोजून घेतले, नारळाचे मात्र घेतले नाहीत.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी ते लेकीचा, पूर्वीचा, डबा भरत होते. बायको गेल्यापासून तिचा डबा तेच भरत. ती तलासरीजवळच्या शाळेत शिक्षिका होती. डहाणूतल्या चार मॅडम आणि ती मिळून गाडी ठरवायच्या, चारोटीवरून हायवेने रोज जाऊन येऊन.

"बाबा, गंमत सांगू? आमचा जुना ड्रायव्हर गेला सोडून. आजपासून मिथुन आहे. म्हणजे आपलीच गाडी." ती वेणी घालत म्हणाली. "रविना मॅडम म्हणाल्या, सरांची गाडी म्हणजे बघायलाच नको."

सरांच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"तू बसने जा."

"का?"

"जा म्हटलं ना."

वेणी घालता घालता पूर्वीचे हात थांबले. बाबांचा राग तिच्या ओळखीचा होता. हा राग नव्हता.

"बाबा, खालून रंग कशाला मारला होता?"

"गंज होता थोडा."

"थोडा?"

बाहेर हॉर्न वाजला. अकरा वर्षं ऐकलेला, घरचा हॉर्न.

"आणि त्या चौघी?" पूर्वीने विचारलं.

"त्यांचं त्या बघतील. तू नको जाऊस." बोलून झाल्यावर सरांनी डब्याचं झाकण लावलं, चांगलं घट्ट.

पूर्वीने डबा उचलला आणि बाहेर गेली. खिडकीतून सरांना सगळं दिसत होतं. ती मिथुनशी काहीतरी बोलली. आधी तो हसला. मग गाडीखाली आडवा झाला आणि किल्लीने खरवडू लागला. एकेक करून चौघी खाली उतरल्या. मिथुन बराच वेळ बाहेर आला नाही.

आला तेव्हा त्याची बोटं तांबूस झाली होती. तो सरळ पायरीपर्यंत आला, चपला काढल्या. सर दारात उभे राहिले. येऊ दे, त्यांनी मनात म्हटलं, काय बोलायचं ते बोलू दे एकदाचा.

"सर," मिथुन म्हणाला, "तुम्हाला फसवलं हो. रंग मारणाऱ्याला आत काय आहे ते दिसलं असणारच. त्याने तुम्हाला सांगितलंच नाही ना?"

त्याच्या मागे फाटकाशी पूर्वी उभी होती. ती बाबांकडे बघत होती.

"नाही," सर म्हणाले. "नाही सांगितलं."

"कोण होता तो? चारोटीचा का? मी जातो त्याच्याकडे. तुमच्यासारख्या माणसाला फसवतो म्हणजे काय?"

सरांनी रुमाल काढून हात पुसले.

पूर्वी फाटकातून परत आली. हातातला डबा तिने पायरीवर ठेवला, मिथुनच्या चपलांशेजारी, आणि त्या चौघींबरोबर स्टँडकडे चालू लागली.