आईच्या गळ्यातली घंटी

बेल्ह्याच्या बाजारात मी घंटी मागितली, तेव्हा दुकानदाराने आधी जनावराची चौकशी केली.

"गाय हाय का म्हैस?"

"आई हाय," मी म्हणाले.

त्याने मला वर-खाली न्याहाळलं. पण धंद्यात मुरलेला माणूस. म्हणाला, "मारकी हाय का?"

"निस्ती तोंडानं."

आई शेजारीच उभी होती. तिने मला कोपर मारलं आणि चार घंट्या वाजवून त्यातली मंजूळ ती स्वतःच निवडली.

हसू नका, आधी ऐका. माझा भाऊ राजरत्न, माझा दादा, दसऱ्याच्या सुमारास डेअरीला दूध घालून मोटरसायकलवर घरी येत होता. उसातून बिबट्याने झेप घेतली. दादाच्या पायाला नखं लागली, गाडी पडली, बिबट्या पळाला. पाय महिन्याभरात बरा झाला, दादा काही झाला नाही. वाऱ्याने उसाचं वाळलं पाचट वाजलं तरी त्याला घाम फुटायचा. ओसरीतल्या खाटेवर भिंतीला पाठ लावून बसायचा आणि झोपायचाही तसाच बसून. रस्त्यापलीकडे आमचाच ऊस, त्यामुळे अंगणाबाहेर पाऊल टाकायचा नाही. पाहुणे यायचे आणि म्हणायचे, "एवढा बाप्या गडी, अन् भितो व्हय?" असल्या पाहुण्यांना मी बिनसाखरेचा चहा द्यायचे.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट सांगितलं. हा भित्रेपणा नाही, आजार आहे. औषध चालू ठेवा, त्याच्याशी बोला, जबरदस्तीने कुठे नेऊ नका. आणि एकदम जवळ जाऊन त्याला दचकवू नका, आधी आवाज द्या.

आईने त्याच दिवशी चुलीपासून आवाज दिला, "राजाऽऽ, मी आले रंऽऽ!"

दादा खाटेवरून खाली पडला. शेजारच्या गेणभाऊंची म्हैस दावं तोडून पळाली. म्हणून घंट्या.

आईला मंजूळ, मला घुंगरू आणि आमचे वडील नानासाहेब यांना बैलाची जाडजूड. सगळं घर गोठ्यासारखं वाजायचं. पण गुण आला! दादा मान न वळवता सांगायला लागला, "नाना, चप्पल बाहेर काढा." एका दुपारी तो पाय पसरून, आडवा होऊन झोपला. मी दाराआड उभी राहून रडले, घुंगरू मुठीत घट्ट धरून.

हाल झाले ते आईचे. "घंटी बांधल्यापास्नं मला गावातलं कायबी कळंना," ती म्हणायची. "मी कुडाजवळ गेले की बाया गप व्हत्यात!"

एकदा दिवस मावळताना दादा आणि मी ओसरीत बसलो होतो. रस्त्यापलीकडून, उसातून, आईची घंटी वाजली.

"आई उसात कशाला गेली?" दादा उभा राहिला. घंटी जोरात खणखणली आणि एकदम बंद झाली.

"तू थांब, मी बघते," मी म्हणाले. पण दादाने जेवणाचं ताट आणि पळी उचलली होती. पांढराफटक पडला होता, आणि तरी तो अंगण ओलांडून गेला. ताट बडवत, ओरडत उसात शिरला. "आई, भिऊ नगं, मी आलोय!" मागून मी, घुंगरू वाजवत.

आत आमची शेळी होती. दावं उसात अडकलेलं, गळ्यात आईची घंटी, तोंडात हिरवा पाला. दादा तिच्या गळ्यात पडून थरथर कापायला लागला. मी जवळ बसून हळूहळू घुंगरू वाजवत राहिले.

तेवढ्यात आई धावत आली. पलीकडच्या कुशाबाईच्या घरात सासू-सुनेचं जुंपलं होतं. ते ऐकता यावं म्हणून हिने घंटी काढली होती, आणि दादाला आई घरीच वाटावी म्हणून शेळीला बांधली होती.

"माझ्यापायी उसात शिरलास?" आईने विचारलं.

"तुझ्यापायीच. निघाली शेळी," दादा म्हणाला. दात वाजत होते, तरी हसला. आई मात्र भोकाड पसरून रडली. "आता मरंस्तवर घंटी काढायची न्हाई! ती कुशाबाई अन् तिची सून गेली खड्ड्यात!"

दादा एवढ्याने बरा झाला असं समजू नका. पुढचे काही दिवस त्याने खाट सोडली नाही, आणि आम्हीही सोड म्हटलं नाही. पण सोमवारी मी बाजाराला निघाले तेव्हा तो म्हणाला, "मलाबी एक घंटी आण."

"तुला कशाला?" मी म्हणाले. त्याला शोधायची वेळ आमच्यावर कधी आलीच नव्हती. तो कायम खाटेवरच असायचा.

"कधी हिकडं तिकडं गेलो, तर तुमाला कळाया नगं का?"

बेल्ह्याच्या दुकानदाराने मला लगेच ओळखलं. "आता कुणाला?"

"भावाला," मी म्हणाले. "मोठ्यातली मोठी द्या. लांब जायचंय त्याला."