एक मार्च त्र्याण्णव

"म्याडम, म्या केबल ओढली न्हाई. पेन पडला व्हता, तेवढाच उचलला," वर्षाराणी म्हणाली. मुखेडची पोर. डोळे भरलेले, पण आवाज सरळ.

सकाळी ऑनलाइन टेस्ट चालू असताना तिच्या वर्गातलं नेट तुटलं, आणि नेमकी तेव्हाच ती टेबलाखाली वाकलेली दिसली. क्लास चालवणाऱ्या गुरुपादप्पा सरांनी तिला पहिल्या बॅचमधून काढायचं ठरवलं. लातुरात पहिली बॅच सुटली की घरचे पोरीच्या डॉक्टरकीची आशाच सोडतात.

क्लासचं नेटवर्क माझ्याकडे. माझ्या तान्ह्या अनसला कडेवर घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये शिरले.

"सदफ म्याडम, लेकरू घेऊन मशीन दुरुस्त करता?"

"मग तुम्ही धरा की थोडं." मी त्याला त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यानं आधी चष्म्यालाच हात घातला.

वर्गातल्या सगळ्या केबली केबिनच्या कोपऱ्यातल्या एका डब्यात येतात. काय घडलं ते हा डबा स्वतः लिहून ठेवतो, पण बंद पडला की लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून मी त्याला प्रत्येक ओळ माझ्या लॅपटॉपवरही पाठवायला लावली. मग त्याच्याकडे होत्या त्या ओळी उघडल्या. पहिल्याच ओळीवर तारीख होती एक मार्च १९९३.

सर वाकून बघू लागले. "त्र्याण्णव? लातूरच्या मशीनला दुसरं साल सापडलं न्हाई का?"

"भूकंप सप्टेंबरातला, सर. याला घड्याळाचा सेलच नाही. बंद पडून उठला की तो इथून मोजायला लागतो. शेवटच्या ओळीवरही अजून एक मार्चच आहे, म्हणजे आज सकाळीच याची वीज गेली होती. केबल ओढली असती तर हा चालूच राहिला असता, आणि केबल गेली असं लिहिलंही असतं."

"मग वीज तिनंच बंद केली असंल."

"वर्गात बसून? तुमच्या केबिनमधली?"

खालून चहाची हाक आली. अनसला माझ्याकडे देऊन सर निघाले, आणि दारापाशी त्यांचा हात भिंतीवरच्या बोर्डावरून सरसर फिरला. दिवा गेला, पंखा गेला, डब्याचे हिरवे ठिपकेही विझले.

"सर!"

ते वळले. हात अजून बटणांवरच.

"सवय हाय," ते म्हणाले. "भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात वाढलो आम्ही. पत्र्यात करंट उतरायचा. बाहेर पडताना सगळी बटणं बंद केल्याबिगर बाबा सोडत नव्हते."

त्यांनी बटणं पुन्हा दाबली. डबा उठला, आणि लॅपटॉपवर ओळ आली. एक मार्च १९९३.

"सकाळी टेस्टच्या वेळी बाहेर गेला होतात?"

"एक पालक आले होते, त्यांना भेटाया खाली गेलो," ते हळूच म्हणाले.

मग स्वतः वर्गात गेले. मी मागोमाग.

"पोरी, नेट तू न्हाई, मी तोडलं. तू पहिल्या बॅचमधीच हायस. टेस्ट उद्या परत घेऊ."

वर्षाराणीनं नाक पुसलं. "उद्या कशाला, सर? आत्ताच घ्या. समदं याद हाय मला."

सर माझ्याकडे बघू लागले. "घ्या," मी म्हणाले, "पण आधी डब्याची वायर तुमच्या बोर्डावरून काढते."