मुका मार

सायकल चालवा, पण पडू नका, असं डॉक्टर म्हणाला. आता मला सांगा, पडणारा माणूस काय ठरवून पडतो व्हय? मी तितंच बोलणार व्हते, पण मालकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पदर तोंडाला लावून गप बसले.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली व्हती. आमचे मालक मिलमध्ये साच्यावर, म्हंजे मागावर, व्हते. मिलच्या जिन्यावरनं घसरले आणि नडगी मोडली. पाय प्लास्टरात घातला. प्लास्टर काढलं, पाय सुजला, आमी म्हणलं उतरंल. एक दिवस सकाळी चहा पिता पिता कप खाली ठिवला आणि मासा पाण्याभाईर काढल्यावर करतो तसं तोंड करायला लागले. तोंड काळं पडलं. दवाखान्यात सांगितलं, पायाच्या शिरेत रक्त गोठून गाठ झाली व्हती, ती सुटून छातीत गेली. वाचले ते निव्वळ नशीब.

तवापासनं त्या गोळ्या. एवढीशी गोळी, रोज संध्याकाळी एक. तिनं रक्त पातळ राहतं, परत गाठ व्हत न्हाय. पण पातळ रक्त एकदा वाहायला लागलं की लवकर थांबत न्हाय. डॉक्टरनं मला एकटीला दारात गाठून सांगितलं, "बाई, कापलं-खरचटलं तर दिसतं, दाबून धरता येतं. मुका मार लागला तर भाईरनं काय दिसत न्हाय आणि आत रक्त साचत जातं. चोळायचं न्हाय, शेकायचं न्हाय, सरळ हितं घेऊन यायचं."

मी ते देवाच्या नावासारखं पाठ केलं.

घरात विळी मी माळ्यावर टाकली. भाजी शेजारच्या नागम्माच्या घरात बसून चिरायची. ती विणकराची बायको, जीव लावणारी. म्हणायची, "अय्यो मुक्ताबाई, नवरा काय काचंचा हाय काय?" काचंचाच व्हता की! न्हाव्याचा वस्तरा हनुवटीला निसता टेकला, तर तुरटी लावून पंचा दाबून बसले तरी दुपारपातूर पंचा लाल. सारजा, आमची लेक, झोपंत तिची लाथ बसली तर ह्यांच्या दंडावर निळा डाग उठायचा. मालक हसायचे. म्हणायचे, "मुक्ते, अंगात रक्त हाय का म्युनिसिपालटीचा नळ?" मला मेलीला हसू कुठनं यायचं? रोज सकाळी चूळ भरली की मी मोरीत वाकून बघायची, लाल हाय का.

आणि अशात ह्यांनी सायकल काढली.

आमच्या गल्लीतल्या तालमीची दर वर्षी हनुमान जयंतीला सायकलींची शर्यत असती. तालमीपासनं विजापूर रोडनं मंद्रूप आणि माघारी. लगीन व्हायच्या आधीपासनं मालक ती पळायचे, दोनदा पहिले आले व्हते. पाय बरा झाल्यावर डॉक्टरनं चालायला सांगितलं, मग हळूहळू सायकल. डॉक्टर म्हणाला हळूहळू, ह्यांच्या कानात गेलं सायकल. आधी नाक्यापातूर, मग वडकबाळच्या पुलापातूर. मग कामावर जायच्या आधी मंद्रूपला जाऊन यायला लागले. मी दारात उभी. चुलीवर भाकरी करपायची, पण घंटी ऐकू आल्याबिगर आत पाय वळायचा न्हाय.

"शर्यत पळायची न्हाय," मी म्हणलं.

"तालमीच्या वस्तादाला शब्द दिलाय."

"वस्तादाला सांगा की मग, गोळ्या चालू हायत म्हणून."

तवा मात्र लई भडकले. "तालमीत गोळीचं नाव काढायचं न्हाय! पातळ रक्ताचा म्हणतील मला. जलमभर चिकटंल ते. घे, सारजाच्या डोक्यावर हात ठिवून शपथ घे."

"पोरीला कशाला मधी आणता वो?"

"घे म्हणतोय न्हवं?"

त्यांनीच माझा हात धरून तिच्या डोक्यावर ठिवला. मी म्हणलं, "न्हाय सांगणार." लेकराच्या डोक्यावरची शपथ काय खेळ असतो व्हय? मोडली की ती लेकरावर येती. आणि ज्यानं घातली त्यानंच ती सोडायची. त्यानं 'सुटली' म्हणलं तरच सुटती, दुसऱ्या कुणाला म्हणता येत न्हाय. माझी आई हेच सांगायची, तिची आई हेच सांगायची. शिकलेल्यांनी हसावं, मला काय हसू येत न्हाय.

जयंतीच्या दिवशी गुलाल, हलगी, निशाण, सगळं झालं. नारळ फुटला आणि सायकली सुटल्या. सगळ्या बाया रस्त्याला गेल्या, मी गेले न्हाय. उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत राहिले. निवडलेले परत निवडले. ऊन चढलं. चैताचं ऊन ते, जमीन भाजत व्हती. मला सारखं दिसायचं, डांबरी रस्त्यावर रक्ताचं थारोळं आणि भवतीनं माणसं. डोळं मिटलं तरी तेच, उघडलं तरी तेच.

मग हलगी जवळ आली. गलका झाला. निंगप्पा पहिला आला व्हता, मंद्रूपचा पोरगा, मालकांचा जोडीदार. घरात कानडी बोलायचा, आमच्यासंगं मराठी. अंगभर गुलाल घेऊन माझ्याच दारात आला.

"वयनी, पेढे काढा! धोंडिराम दुसरा आला."

माझ्या जिवात जीव आला. मी म्हणलं, "दुसरे का पहिले, माणूस धड हाय न्हवं?"

"धड म्हंजे काय! वडकबाळच्या पुलापाशी बैलगाडी आडवी आली, धाडकन पडला की वो. हँडलाचं टोक मांडीवर आदळलं. मी म्हणलं संपलं. पण पठ्ठ्या उठला आणि माझ्या म्होरं गेला. शेवटाला मांडी आखडली म्हणून मी गाठला, न्हायतर..."

"रक्त?" मी विचारलं.

"थेंब न्हाय!" निंगप्पा हसला. "नुसता मुका मार. वस्ताद रगडून देतायत तालमीत. वीट बी तापाय घातलीय शेकाय."

सूप हातातनं सुटलं. तांदूळ सगळ्या उंबऱ्यावर सांडले. सारजाला काखंत मारलं आणि मी पळाले. मागनं नागम्मा वरडत आली, "अगं काय झालं, काय झालं?"

तालमीच्या दारात येऊन थांबले. बाईमाणसानं तालमीत पाय ठिवायचा न्हाय. आत मारुती हाय, लाल माती हाय. सोवळ्यावानी पाळतात ते. दारातनं दिसत व्हतं, मालक मातीवर उताणे पडलेले, भवतीनं पैलवान, आणि हिंदुराव वस्ताद दोन्ही अंगठे रोवून मांडी रगडायला लागलेले. तेलाचा वास भाईरपातूर येत व्हता. कोपऱ्यात शेगडीवर वीट.

"वस्ताद, थांबा!" मी वरडले.

हलगी चालू व्हती. कुणाला ऐकू गेलं न्हाय. परत वरडले.

वस्तादांनी मान वर केली. म्हातारा माणूस, पण मनगटं अजून मुसळागत. "काय गं पोरी? दारातनंच बोल."

"चोळू नका त्यास्नी. पाया पडते."

सगळे हसले. वस्ताद बी हसले. "जलम गेला मांड्या रगडण्यात. मुका मार मोकळा केला न्हाय तर गाठ धरतो. तू जा, गूळपाणी करून ठिव."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांनी सांगितलं, गप. आणि मग त्यांची नजर माझ्या काखंतल्या सारजावर गेली. माझा हात तिच्या डोक्यावरच व्हता. हाताखाली तिचे घामेजलेले केस.

पैलवानानं वीट गोणपाटात गुंडाळून उचलली.

देवा, माझ्या वैऱ्यावर सुदीक अशी येळ आणू नको. तिकडं नवरा, हिकडं लेक. बोलावं तर हिच्या जिवावर, न बोलावं तर त्यांच्या. पण मांडीकडं बघितलं आणि बघवंना. एका अंगाच्या दोन मांड्या, पण एक दुसरीच्या दीडपट झालेली, कातडं ताणून चकाकायला लागलेलं. आणि तोंड चुन्यावानी पांढरं. त्या पैलवानांना मांडी दिसत व्हती, तोंड कुणी बघितलंच न्हाय.

सारजाला नागम्माच्या हातात दिली आणि उंबरा ओलांडला.

हलगी थांबली. मी मातीत गेले, वीट धरलेल्या पैलवानाला ढकललं, वस्तादांचा हात धरून मांडीवरनं बाजूला केला. "रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात हे!" म्हणलं. "रोज घेतात. आत रक्त वाहतंय त्यांचं, आणि तुमी अजून वाट करून देताय!"

मालकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. वस्ताद आपल्याच हाताकडं बघत राहिले, तेलानं माखलेल्या.

मग मालक हळूच म्हणाले, "मळमळतंय."

टांग्यात घातलं. रस्ताभर त्यांचा हात माझ्या हातात, आणि भर उन्हात तो हात गार. मागच्या टांग्यात वस्ताद, पैलवान आणि सारजाला घेऊन नागम्मा; निंगप्पा सायकलवर, तोंडावरचा गुलाल घामानं वघळलेला. मी मालकांना हाका मारत व्हते, ते ऊं म्हणायचे. पुढच्या हाकेला ऊं येईना तवा टांगेवाल्यानं चाबूक ओढला.

डॉक्टरनं मांडी बघितली आणि विचारलं, "कुणी चोळलं?"

"मी," वस्ताद म्हणाले.

डॉक्टरनं गोळी बंद केली, सुई दिली, आणि म्हणाला रक्त चढवायला लागंल, कोण देतं? पैलवान येकमेकांकडं बघायला लागले. ज्यांच्या मांडीवर नारळ फुटंल असले गडी, सुईचं नाव काढल्यावर भिंतीला टेकले. रक्त दिलं की ताकद जाती, परत कुस्ती व्हत न्हाय, असं त्यांच्या डोक्यात.

वस्ताद खाली मान घालून म्हणाले, "बाईमाणूस आत शिरलं. तालीम धुवून काढाय लागंल आता."

माझं डोकं फिरलं. "धुवा की! गंगेच्या पाण्यानं धुवा. पण आधी हात म्होरं करा."

म्हाताऱ्यानं बाही वर केली. निंगप्पानं बी केली. तपासलं तवा दोघांचं जुळलं. सुई टोचताना वस्तादांनी डोळे घट्ट मिटले आणि मारुतीचं नाव घेतलं.

मी डॉक्टरला विचारलं, "गोळी बंद केली, तर ती छातीतली गाठ परत आली म्हंजे?"

"ती भीती हायच," डॉक्टर म्हणाला. "दोन्हीकडं बघायला लागतंय."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आमचं सगळं जगणंच तसं झालं व्हतं.

व्हरांड्यात नागम्मा सारजाला घेऊन बसलेली. मी लेकराला हात लावला आणि चटका बसला. अंग तापलेलं, डोळे जडावलेले.

"ऊन लागलंय," नागम्मा म्हणाली. "चैताचं ऊन, पोर उघड्या डोक्यानं फिरली. पाणी पाज."

पाणी पाजलं. ओली फडकी डोक्यावर ठिवली. पण मला ठाव व्हतं ते काय हाय. मी शपथ मोडली व्हती, माझ्या तोंडानं, भर तालमीत, मारुतीच्या म्होरं. आत ते, भाईर ही. मी दारात बसून राहिले, एक डोळा हिकडं, एक डोळा तिकडं, आणि आतल्या आत सगळ्या देवांना शिव्या देत राहिले. देवाला नवस बोलायची हिंमतच न्हवती. कुणासाठी बोलणार?

दिवस कलला तवा मालकांनी डोळे उघडले. पाय उशांवर चढवलेला, दंडात नळी. खोलीत वस्ताद, निंगप्पा, दोन पैलवान. सगळ्यांनी मारुतीचा जयजयकार केला. मी केला न्हाय. कसं वाटतंय, असं बी विचारलं न्हाय. नागम्माकडनं सारजाला घेतली, खाटंपाशी गेले आणि त्यांचा मोकळा हात उचलून तिच्या तापलेल्या डोक्यावर ठिवला.

"सुटली म्हणा."

त्यांनी वस्तादांकडं बघितलं. मग छताकडं. ज्यांच्यापासनं लपवलं ते सगळे हितं उभे, आणि त्यांच्याच म्होरं म्हणायचं, की व्हय, गोळ्या हायत, व्हय, भ्यालो व्हतो, बायकोला लेकराची शपथ घातली व्हती.

"म्हणा की वो," मी म्हणलं आणि मला रडू फुटलं. सकाळपासनं पहिल्यांदा. "तुमी घातली, तुमीच सोडायची. पोर तापलीय माझी."

वस्तादांच्या ध्यानात आलं. त्या म्हाताऱ्याच्या आईनंबी त्याला हेच शिकवलं असणार. दंडावर कापूस धरूनच ते पुढं आले आणि खेकसले, "म्हण की रं धोंडिरामा! लेकराचा जीव हाय!"

मालकांनी बोटं सारजाच्या केसांत रुतवली.

"सुटली," म्हणाले. मग परत म्हणाले, मोठ्यानं, व्हरांड्यापातूर जाईल असं, "सुटली, सुटली, मुक्ते. सुटली." आणि हात त्यांनी तिच्या डोक्यावरनं काढलाच न्हाय, तिचा ताप उतरून ती घामानं भिजंपातूर.