बेसमेंटमधला भूमध्य समुद्र

भूमध्य समुद्रातल्या लहान बेटांविषयी न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी तिथे गेलेलो नाही, हा भाग वेगळा. गेलेल्या माणसाला जे दिसलं तेवढंच सांगावं लागतं. माझ्यावर तसलं बंधन नव्हतं.

२००६च्या उन्हाळ्यात माझ्या मुलाने, निमिषने, ग्रीसच्या बेटांभोवती फिरणाऱ्या बोटीचं बुकिंग केलं. ऑफिसातला एक गोरा मित्र नुकताच जाऊन आला होता. ‘पासपोर्ट खिशात टाकला आणि निघालो,’ असं तो म्हणाला. निमिषनेही पासपोर्ट काढून ठेवले. आमचे भारतीय. इतकी वर्षं इथे राहून त्याला आपण इथलेच वाटायला लागलो होतो. पासपोर्टला तसं वाटत नव्हतं. व्हिसा लागतो हे कळलं तेव्हा बॅगा भरून झाल्या होत्या, आणि अपॉइंटमेंट मिळत होती थेट दिवाळीत.

माझ्या सुनेला, कादंबरीला, बेटं हुकल्याचं दुःख नव्हतं. तिला धास्ती होती सीमाची. सीमा मागच्या रस्त्यावर राहते. तिने आम्हाला निरोपाची पार्टी दिली होती, आणि तुळशीला पाणी घालायला आमच्या घराची किल्लीही तिच्याकडेच होती.

“सांगून टाक ना तिला, यार,” निमिष म्हणाला.

“मागच्या वर्षी अलास्का कॅन्सल, त्याआधी हवाई कॅन्सल. आता हेही? मराठी मंडळात तोंड कसं दाखवू?”

“गेलोच असं दाखवू. बेटं माझ्यावर सोड,” मी म्हटलं.

कादंबरी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. माझ्या गोष्टींतल्या ती घरबसल्या फुकट शोधते. चारचौघांत थापा मारायच्या नाहीत, अशी मला तिची सक्त ताकीद होती. पण त्या दिवशी ती गप्प बसली. मी तो होकार धरला.

आमच्या ‘निघण्याच्या’ दुसऱ्याच दिवशी दारात किल्ली फिरली. आम्ही तिघं खिचडीच्या ताटल्यांसकट बेसमेंटमध्ये पळालो. वर सीमा फोनवर बोलत होती.

“अगं, मला वाटलं हेही कॅन्सल होणार. बिचारीचं काही म्हणता काही पार पडत नाही. पण गेले हो एकदाचे!... थांब हं, घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास येतोय.”

आम्ही ताटल्या छातीशी धरल्या. निमिषने तर ताटलीवर हात पालथा घातला.

“निघताना केली असेल. बंद घरात किती दिवस राहतो बाई वास!”

दार लागलं. ‘बिचारी’ हा शब्द कादंबरीच्या वर्मी बसला होता.

“फोटो लागतील,” ती कुजबुजली.

मग लांबच्या एका पार्कातलं तळं गाठलं, पायडल मारायची बोट घेतली. कादंबरी पांढरी हॅट घालून उगाचच दूरवर बघत राहिली आणि मी कॅमेऱ्यात फक्त पाणी, झाडी आणि हॅट येईल असं बघितलं.

‘परत आल्यावर’ सीमाकडे जेवण होतं. टीव्हीवर फोटो लागले आणि मी सुरू झालो. एक बेट एवढं लहान, की बकरी वळली की तिची शिंगं समुद्रातल्या बोटीला लागतात. दुसऱ्यावर गावजेवणाला सगळ्यांना एका बाजूला बसवत नाहीत, बेट कलतं. तिसऱ्यावर पोस्ट ऑफिस मावलं, पण पोस्टमन शेजारच्या बेटावर ठेवावा लागला. लोक वडे हातात धरून ऐकत होते.

तेवढ्यात सीमाचा नवरा, गुरुनाथ, टीव्हीजवळ सरकला.

“काका, ही कॅनडा गूज आहेत ना? आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये घाण करतात, तीच!”

फोटोच्या कोपऱ्यात बदकांसारखे ते जाडजूड पक्षी रांगेने उभे होते. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट अर्धी सोडून रिमोट शोधायला लागलो. सीमाने मान वळवून कादंबरीकडे पाहिलं.

“हो ना गुरुनाथ!” कादंबरी शांतपणे म्हणाली. “आम्हालाही आश्चर्य वाटलं. कॅप्टन म्हणाला, वादळात भरकटून आली आणि तिथेच राहिली. एकाच्या पायात तर न्यू जर्सीचा टॅग होता. मी स्वतः वाचला.”

“अगं बाई! एवढ्या लांब?” सीमा म्हणाली.

“त्यांना कुठे व्हिसा लागतो?” कादंबरी म्हणाली.

निमिषला ठसका लागला. मी माझ्या सुनेकडे बघत राहिलो. बकऱ्या, पोस्टमन, कलणारं बेट, सगळं फिकं पडलं होतं. पुरावा जोडायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

“मग ठरलं,” सीमाने टाळी वाजवली. “पुढच्या उन्हाळ्यात आपण सगळे जायचं. त्याच बोटीने, त्याच बेटांवर. कादंबरी, तू आमची गाइड!”

“चालेल की,” कादंबरी म्हणाली आणि तिने आणखी एक वडा घेतला.

यंदा निमिषने आधी व्हिसे काढले, मग बुकिंग केलं. उद्या निघायचं आहे. मला घोर एकच: ती बेटं मी सांगितली तशी निघायला हवीत.

कादंबरी बॅग भरता भरता म्हणाली, “नाही निघाली तर सांगू, बाबा, की मधल्या वर्षात त्यांनी रिमॉडेलिंग केलं.”